ओळखीचं निमित्त : पाणपोईपासून पोह्यांपर्यंत

उन्हातून आलेला वाटसरू पाणपोईवर ओंजळ धरून बसलाय. पाणी घालणारी देखणी आहे. तो मान वर करून पितो आणि बोटं मुद्दाम सैल सोडतो. पाणी फटींतून गळतं, तहान भागता भागत नाही. तिच्या ते लक्षात येतं, आणि मुळातच बारीक असलेली धार ती आणखी बारीक करते.

हालाच्या 'गाथासप्तशती'तली ही गाथा. सातवाहन राजाच्या नावावरचा, महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह. पुढच्या शतकांत त्यात भर पडत गेली. गाथेत दोघं अवाक्षर बोलत नाहीत, तरी सगळं बोलून होतं. मला त्यातली सोय आवडते. तिला नकोच असतं तर भसकन पाणी ओतून ती मोकळी झाली असती आणि तोही पाणी पिऊन वाटेला लागला असता. कुणाचीच शोभा नाही.

पुढे बालविवाहाच्या काळात, निदान उच्चवर्णीय घरांत, या कौशल्याची गरजच उरली नाही. १८७३ साली रमाबाई रानड्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि माधवराव एकतीस. लग्न आधी, ओळख मागाहून. तीही अशी, की नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं ते फक्त उखाण्यात. एरवी 'अहो', नाहीतर 'ऐकलंत का?'

मुली शिकू लागल्या. पुण्यात १८८४ साली हुजूरपागा सुरू झाली, १९१६ साली कर्व्यांचं महिला विद्यापीठ. १९२९च्या सारडा कायद्याने मुलीचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. कायदा सर्रास मोडला गेला, पण शहरांत लग्नाचं वय हळूहळू चढलं आणि दाखवायला आता जाणती मुलगी होती.

मग तो कार्यक्रम. मुलगी ट्रे घेऊन येते, पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर. 'पूर्ण नाव सांग बाळ.' 'पेटी येते का?' 'जरा चालून दाखव.' प्रश्न सगळे वडीलधाऱ्यांचे. ज्याला विचारायचं तो शेंगदाणे निवडत बसलेला. दोघांना गॅलरीत पाच मिनिटं देण्याची रीत नंतरची, आणि तेव्हाही पडद्याआड मावशी असायचीच. अशा वेळी 'वाचायला आवडतं का?' याहून धाडसी प्रश्न कुणाला सुचणार?

कॉलेजात निमित्त होतं वहीचं. 'तुमच्या नोट्स मिळतील का?' म्हणून वही न्यायची, जपून परत करायची, शक्यतो दोन दिवस उशिराच. वर्गातल्या मुलीलाही 'तुम्ही' म्हणायचा तो काळ. 'तुम्ही'चं 'तू' झालं की मित्र काय ते समजायचे. आडनाव विचारणं मात्र वरवर साधं. त्यातून जात कळते, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. 'गाव कुठलं?' हा त्याचाच धाकटा भाऊ.

आता फोनवर 'जेवलीस का?' येतं. त्याची भरपूर टिंगल होते, पण जेवणाशी त्याचा संबंध वाटसरूच्या तहानेइतकाच. 'हो, तू?' आलं तर धार बारीक झाली म्हणायची. नुसतं 'हो' आलं, तर ओंजळ भरली, उठावं.