कुपीत शंभर थेंब, घरात सात कोंबड्या

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात एका पाड्यावर आम्ही उजाडायच्या आत पोचलो. कोंबड्या डालग्याखाली असतात तोवरच काम होतं, एकदा सोडल्या की त्या रानोमाळ पांगतात. एका आजींनी डालगं उचलून तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, काखेत धरली, तिचं डोकं आडवं केलं. डोळ्यात लशीचा एक थेंब टाकला. "आजी, लगेच सोडू नका," मी म्हणालो. तलंगीने पापणी मिटली, उघडली. थेंब आत उतरला, मग आजींनी तिला सोडलं.

याच आजींच्या अकरा कोंबड्या मागच्या उन्हाळ्यात चार दिवसांत गेल्या होत्या. हिरवट हगवण, धाप, पाय लुळे आणि शेवटी मान पिळवटून पडणं. या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. (१९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही जुनी माणसं याच नावाने ओळखत. तो रोग माणसांचा, हा कोंबड्यांचा.) पुस्तकी नाव राणीखेत, कारण १९२७ च्या सुमारास कुमाऊँतल्या राणीखेतला तो आढळला. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला दिसला म्हणून जगभर त्याला न्यूकॅसल म्हणतात. हा विषाणू श्वासनलिका, आतडी आणि मेंदू-मज्जातंतू यांवर हल्ला करतो. मज्जातंतू बिघडले की मानेचे स्नायू पिळले जातात. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो, त्यामुळे घाईघाईने आणलेल्या गोळ्यांचे पैसे वाया जातात.

पेठ-सुरगाण्यात भातकापणी उरकली की घरातली धडधाकट माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. मागे म्हातारी माणसं उरतात आणि कोंबड्या. अडीनडीला, दवाखान्याला, पोरांच्या वह्या-पुस्तकांना पैसा लागला की बाजारात एक कोंबडा जातो. गावठीला ब्रॉयलरपेक्षा चांगला भाव मिळतो आणि चारा जवळपास फुकट: उकिरड्यातले किडे, वाळवी, सांडलेली नागली. दहा-बारा कोंबड्या गेल्या तर त्या घराची वर्षभराची शिल्लक गेली.

पाड्यावर कुणी गेलं की पहिली मागणी जास्त अंडी देणाऱ्या सुधारित जातीची होते. गिरिराज, वनराज चांगल्याच आहेत, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. पिल्लं हवीत तर एकवीस दिवस अंड्यांवर बसायला गावठीच लागते. आणि मानमोडी जात पाहत नाही. माझ्या मते पैसा आधी लशीवर खर्च व्हावा, जातीचं नंतर पाहू.

आता डोळ्याचं. कोंबडीला तिसरी, पारदर्शक पापणी असते. तिच्या मुळाशी, डोळ्याच्या गोलामागे एक ग्रंथी असते, जिथे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची दाटी असते. मानमोडीवरच्या लासोटा लशीतला मुळातच सौम्य असलेला जिवंत विषाणू डोळ्यातून तिथे पोचतो, आणि नाकाघशाच्या वाटेवर, म्हणजे खरा विषाणू जिथून शिरतो तिथेच, पहारा बसतो. तो बसायला दोन आठवडे लागतात. शेजारच्या घरात कोंबड्या मरायला लागल्यावर दिलेला थेंब म्हणूनच उशिरा पोचतो. पिल्लांना पहिला थेंब पाच ते सात दिवसांची असताना, दुसरा साधारण चार आठवड्यांनी. पुढे दर तीन-चार महिन्यांनी.

मग अडतं कुठे? कुपीत. लहानात लहान कुपी साधारण शंभर मात्रांची येते आणि घरात कोंबड्या सात. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते आणि एकदा द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. एकट्या घराला हे परवडत नाही, पाड्याला परवडतं. सगळ्या घरांनी एकच पहाट ठरवायची, वर्गणी काढायची आणि बर्फाच्या थर्मासमधून एक कुपी आणायची. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड विद्यापीठात 'आय-२' नावाची उष्णता सोसणारी लस तयार झाली आणि आफ्रिकेत ती खेडोपाडी पोचली. आपल्या डोंगरांत तशी लस आली तर बर्फाची धावपळ बरीच कमी होईल.

बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी डांबावी. मेलेली ओढ्यात फेकू नये, चुना टाकून खोल पुरावी. आजारी कोंबडी विकू तर नयेच. पुढच्या पाड्यावर साथ तीच घेऊन जाते.

त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी थेंब संपले तेव्हा सूर्य डोंगरावर आला होता. दोन तास भरायला थोडा वेळ होता. ओढ्यापलीकडून दोन पोरी टोपलीत तीन कोंबड्या झाकून धावत आल्या.