नव्या कामगाराला काय सांगायचे, हे कधी ठरले?

आज मुंबईत बहुतेक कंपन्यांत नोकरीचा पहिला दिवस सारखाच जातो. ओळखपत्र मिळते आणि मग तास-दोन तासांचे 'इंडक्शन' होते. आग लागली तर कोणत्या जिन्याने उतरायचे, यंत्राजवळ काय घालायचे, रजा कुणाकडे मागायची हे सांगितले जाते. कागदावर सही केली की माणूस कामाला लागतो. अनेकांना तो तास कंटाळवाणा वाटतो, पण तो सहज मिळालेला नाही.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत कोकण-घाटावरून माणसे गिरणगावात येत राहिली. त्यांना कामावर घ्यायचा तो जॉबर, म्हणजे मुकादम, आणि काम शिकवायचा तो एखादा भाऊबंद किंवा गाववाला. त्याच्या शेजारी उभे राहून बघायचे, हात चालवायचा. फिरत्या पट्ट्यापासून किती अंतर ठेवायचे, धोटा (मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) उडाला तर कुठून लागतो, हे शेजारच्याने सांगितले तरच कळे. शिकायला कुणाला मिळणार, हेही खात्यावर आणि जातीवर ठरत होते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत आणि जास्त पगाराचे काम त्याच खात्यात होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. सुरक्षेच्या इतिहासात ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. माझ्या मते ती तिथे सांगायलाच हवी, कारण ज्याला खात्यात पाऊलच टाकता येत नाही, त्याला तिथले काम कोण शिकवणार?

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितले आणि सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. त्याचा रोख मालकावर होता. १८८४ मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. रविवारच्या सुट्टीबरोबरच त्यात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला मात्र १९२३ साल उजाडावे लागले.

कंपनीची कार्यपद्धती, म्हणजे तेव्हाच्या भाषेत 'स्थायी आदेश', यांचा इतिहासही गिरण्यांतूनच येतो. हजेरी, दंड, रजा, कामावरून काढणे यांचे नियम मालक ठरवत आणि १९२८ च्या संपात ते वादाचा मुद्दा झाले. सरकारने नेमलेल्या फॉसेट समितीने ते तपासले. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या कायद्याने त्यांना कायदेशीर जागा दिली आणि १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकर केंद्रात मजूर खाते सांभाळत असताना, देशभरासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यातली एक तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते: हे नियम प्रवेशद्वाराजवळ, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावले पाहिजेत.

या दोन कायद्यांच्या मध्ये मुंबईने १४ एप्रिल १९४४ पाहिला. व्हिक्टोरिया गोदीतल्या 'फोर्ट स्टायकिन' जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकाच वेळी होती. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान स्फोटात गेले. कार्यालयांत एप्रिलच्या मध्यावर आगीची कवायत होते, ती त्यांच्या स्मृतीत पाळल्या जाणाऱ्या सप्ताहामुळे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रावर अठरा वर्षांखालच्या मुलाला धोके पूर्ण समजावून दिल्याशिवाय उभे करायला मनाई केली. 'समजावून दिल्याशिवाय' हे शब्द कायद्यात आले, पण ते लहान वयाच्या कामगारापुरते. १९६६ च्या ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत प्रशिक्षण होऊ लागले. तरीही माहिती द्यायची की नाही, हे बऱ्याच अंशी मालकाच्या हातात होते.

ते बदलले भोपाळमुळे. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वायू कोणता, त्यावर उपाय काय, हे लोकांना ठाऊक नव्हते. कारखाना कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक उद्योगांना ही माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणे बंधनकारक केले. त्याच दुरुस्तीतल्या कलम १११-अ ने सुरक्षेची माहिती मागणे आणि प्रशिक्षण घेणे हा प्रत्येक कारखान्यातल्या कामगाराचा हक्क ठरवला. एकेकाळी गाववाल्याच्या मर्जीवर असलेली गोष्ट कायद्याने मागता येऊ लागली.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती आल्या. डिसेंबर २०१७ मध्ये लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याविषयीच्या २०२० च्या नव्या संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नेमणूकपत्र देणे सक्तीचे केले आहे. इंडक्शनच्या स्लाइड्स मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी फक्त इंग्रजीत असतात. जिने, दारे, विजेचे बोर्ड रोज हाताळणारे सफाई आणि सुरक्षा कर्मचारी ठेकेदाराचे म्हणून त्या खोलीबाहेर राहतात. रात्रपाळीचा माणूस तर तेव्हा घरी झोपलेला असतो.