इंदुरात फॉस्टर केअरसाठी अर्ज करायचाय? मग हे आधी वाचा

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नाही. मूल तुमच्या घरी राहतं, शाळेत जातं, पण कायद्याने तुमचं होत नाही, आणि त्याचे आईवडील असतील, म्हणजे जेलमध्ये किंवा खूप आजारी वगैरे, तर बाल कल्याण समिती (मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) परवानगी देईल तसं ते त्याला भेटूही शकतात. हे मनाला पटत असेल तरच पुढे जा, कारण मध्येच नको म्हटलं तर सगळ्यात जास्त त्रास त्या मुलालाच होतो.

पूर्वी फक्त नवरा-बायकोलाच मूल मिळायचं. केंद्र सरकारच्या 2024 च्या गाइडलाइन्सनंतर 35 ते 60 वयाचे एकटे लोकही अर्ज करू शकतात. एकट्या बाईला मुलगा-मुलगी कोणीही, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. जोडप्याच्या लग्नाला दोन वर्षं तरी झालेली हवीत. मुलं बहुतेक सहा वर्षांच्या वरची असतात, म्हणजे ज्यांना दत्तक घ्यायला कोणी फारसं पुढे येत नाही आणि जी आश्रमातच मोठी होतात. याच मुलांना घर मिळावं म्हणून तर मी हे लिहितेय. नियमात बसत असेल तर दोन वर्षांनी तेच मूल दत्तकही घेता येतं, आधी पाच वर्षं थांबावं लागायचं.

अर्ज केअरिंग्ज (CARINGS) या केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो, काही अडलं तर महिला व बाल विकासच्या जिल्हा बाल संरक्षण युनिटमध्ये विचारा. आधार, पॅन, फोटो, पत्त्याचा आणि इन्कमचा पुरावा, मॅरेज सर्टिफिकेट, मेडिकल सर्टिफिकेट तयार ठेवा, पोलीस व्हेरिफिकेशनही होतं. समग्र आयडी पण जवळ असू द्या, आपल्या एमपीत तो कुठेही मागतात.

खरं काम होम स्टडीचं. युनिटची माणसं घरी येतात, मूल कुठे झोपेल, शाळा कुठली, दिवसभर घरी कोण असतं, सासू-सासऱ्यांना चालणार आहे का, तुमची स्वतःची मुलं काय म्हणतात, सगळं विचारतात. घर छोटं असलं तरी लाजू नका, जे आहे ते खरं सांगा. आणि मुलालाही विचारतात बरं का, त्याची मर्जी बघतात.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून महिन्याला 4000 रुपये मदत मंजूर होऊ शकते, पण ती मुलाच्या खर्चासाठी. अनाथ मूल आजी किंवा काकांकडेच राहत असेल तर हा अर्ज नको, मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेची चौकशी करा.

शेवटची ऑर्डर बाल कल्याण समिती काढते, त्यानंतर दर महिन्याला तपासणीही असते. ती ऑर्डर हातात पडेपर्यंत कोणाच्या ओळखीने, कोणाच्या सांगण्यावरून मूल घरी आणून ठेवू नका.