हॉटेल काढताय? जागेचा करार करण्याआधी हे वाचा

आम्ही रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं उभी करून देतो. आखणी, स्टीलची टेबलं, सिंक, बर्नर, शेगडीवरचा धूर ओढणारा हूड, तो धूर बाहेर नेणारा डक्ट, सगळं. नवं हॉटेल काढणारी मंडळी आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची जागा ठरलेली असते, हॉलचं फर्निचर पसंत झालेलं असतं, आणि ‘मागे उरलेल्या जागेत किचन बसवून द्या’ एवढंच आमच्या वाट्याला येतं. हा क्रम उलटा व्हावा म्हणून हे पत्रक काढलं आहे. आधी मेनू, मग किचन, मग जागा, आणि हॉल सगळ्यांत शेवटी.

मेनू आधी का?

कारण बर्नर किती, फ्रिज केवढा, माणसं किती, हे सगळं मेनूच ठरवतो. एक वही घ्या. प्रत्येक पदार्थापुढे लिहा: कशावर शिजणार, कोण करणार, ऑर्डर आल्यापासून किती मिनिटं लागणार. निम्मे पदार्थ एकाच बर्नरवर येतायत असं दिसलं, तर गर्दीच्या तासाला तिथे ऑर्डरींची रांग लागणार आणि बाजूचे बर्नर रिकामे राहणार. हे वहीत कळलं तर खोडून पुन्हा लिहिता येतं. किचन बसल्यावर कळलं तर तोडफोड करावी लागते.

पदार्थ थोडे ठेवा. एकच कच्चा माल चार-पाच पदार्थांत वापरला जाईल असं बघा. मेनू लांबला की साठा वाढतो आणि त्याबरोबर फेकला जाणारा मालही.

मग प्लेटचा हिशेब. कांदा १० किलो आणला आणि सोलून-कापून ८.५ किलो हाती लागला, तर दिलेल्या पैशाला ८.५ ने भागायचं, १० ने नाही. या एका चुकीमुळे पदार्थ कागदावर फायद्यात आणि गल्ल्यात तोट्यात जातो. धंद्यातला सर्वसाधारण ठोकताळा असा: विक्रीच्या १०० भागांतले २८ ते ३५ मालावर जातात. माल आणि पगार मिळून ६० ते ६५ च्या वर गेले, तर बाकीच्यात भागवणं अवघड होतं. भाडं १० च्या आत राहिलेलं बरं.

पुढचं गणित जागा बघायला जाण्याआधीच करा. भाडं, पगार, हप्ते असा महिन्याचा ठरलेला खर्च एकत्र करा. एका गिऱ्हाइकाच्या सरासरी बिलातून मालाचा खर्च वजा करा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की ना नफा ना तोटा राहायला महिन्याला किती गिऱ्हाइकं लागतील ते कळतं. ती संख्या तुमच्या खुर्च्यांत मावते का? हे बघताना सगळ्या खुर्च्या भरलेल्या धरू नका. चौघांच्या टेबलावर दोघंच बसलेले नेहमी दिसतील. म्हणून दोघांची टेबलं जास्त ठेवा आणि लागतील तशी जोडा.

जागा बघताना वर बघा

आमच्या एका ग्राहकाने छान रस्त्यावरची, कोपऱ्यावरची जागा घेतली. हॉलची फरशी बसली, दिवे लागले. आम्ही गेलो आणि विचारलं, डक्ट कुठून न्यायचा? वरच्या मजल्यांवर राहती घरं होती आणि धूर गच्चीपर्यंत न्यायला कुणाचीच परवानगी नव्हती. पाच महिने भाडं भरून त्याने ती जागा सोडली. त्याचा चेहरा आम्हाला अजून आठवतो. तेव्हापासून डक्टचा मार्ग दाखवल्याशिवाय आम्ही आखणीला हात लावत नाही.

धूर कुठून जाणार, सांडपाणी कुठे उतरणार, ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी पेटी) कुठे बसणार, विजेचा मंजूर भार किती, गॅस कुठे ठेवता येणार, हे पाच प्रश्न मालकासमोर विचारा. परवाने आणि अग्निसुरक्षेचे नियम ठिकाणानुसार बदलतात. तेही सही करण्याआधी संबंधित कार्यालयात जाऊन विचारा.

हूडबद्दल थोडं सविस्तर, कारण यात सर्वांत जास्त गफलत होते. शेगड्यांच्या ओळीपेक्षा हूड प्रत्येक उघड्या बाजूला निदान १५ सेंटीमीटर बाहेर हवा. पण नुसता धूर ओढून भागत नाही, जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायलाही हवी. पंखा सुरू असताना किचनचं दार बाहेर ओढायला जड जातं का बघा. हूडच्या कडेला पातळ कागदाची पट्टी धरा. दार जड आणि पट्टी जेमतेम हलतेय, म्हणजे ताजी हवा कमी पडतेय. अशा किचनमध्ये ज्योती भरकटतात, धूर हॉलमध्ये येतो आणि आचारी टिकत नाहीत.

आतली वाट

माल आला की साठवण, मग कापणं, शिजवणं, मग पास काउंटर (तयार ताटं वाढप्याच्या हाती देण्याची जागा), मग हॉल. ही वाट एकाच दिशेने जावी. उष्टी भांडी दुसरीकडून परत यावीत. सुरुवातीच्या एका कामात आम्हीच भांडी धुण्याची जागा पास काउंटरला लागून दिली होती. भरलेली ताटं आणि उष्टी ताटं दारातच एकमेकांना आडवी यायची. ते सिंक आम्ही स्वखर्चाने हलवून दिलं. दोन टेबलांमधली वाट ४ फुटांच्या आसपास ठेवा, म्हणजे पाठीला पाठ लावून दोघं काम करू शकतात.

शिजलेल्या अन्नाचं तापमान ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. जागतिक आरोग्य संघटना शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं सांगते. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर कडेला गार लागतं, पण मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ ट्रेमध्ये पसरून गार करा आणि त्या ट्रेसाठी रॅकची जागा आखणीतच मागून घ्या.

तेलाच्या आगीवर पाणी कधीच टाकायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. तळणीजवळ वेट केमिकल प्रकारचं, म्हणजे तेलाच्या आगीसाठीचं, अग्निशामक लावा आणि ते कसं वापरायचं हे प्रत्येक कामगाराच्या हातून एकदा करून घ्या.

पैशाचं

सगळं भांडवल उभारणीत घालू नका. निदान सहा महिन्यांचा चालू खर्च बाजूला राहू द्या. नव्वद टक्के हॉटेलं पहिल्याच वर्षी बंद पडतात असं सर्रास ऐकायला मिळतं, ते खरं नाही. अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या रेस्टॉरंटांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षी बंद पडलेल्यांचं प्रमाण सुमारे २६ टक्के निघालं, पण तीन वर्षांत ते ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचलं. म्हणून पहिल्या वर्षीची गर्दी बघून लगेच दुसरी शाखा काढू नका.

आमच्याकडे येताना मेनूची ती वही, मोजमापांसह जागेचा नकाशा आणि छत, मोरी व मीटरचे फोटो घेऊन या. करार अजून झालेला नसेल तर फारच उत्तम, जागा बघायला आम्ही तुमच्यासोबत येऊ.