गावच्या वाचनालयासाठी कोण बोलतं? : पार्श्वभूमी

सातारा-सांगलीतल्या जुन्या वाचनालयांची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत. साताऱ्याचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं आणि त्यानंतर काही वर्षांतच शहरात वाचनालय सुरू झालं. वकील, शिक्षक, सरकारी नोकर आणि संस्थानिक यांच्या वर्गणी-देणग्यांवर ती पिढी उभी राहिली. आजचे प्रश्न मात्र त्या काळातून आलेले नाहीत, ते 1967 च्या ग्रंथालय कायद्यातून आले आहेत.

महाराष्ट्राचा हा सार्वजनिक ग्रंथालय कायदा प्रत्यक्षात 1 मे 1968 पासून लागू झाला. त्याआधी मद्रासने 1948 मध्ये आणि म्हैसूर राज्याने 1965 मध्ये केलेल्या कायद्यांत ग्रंथालय उपकर होता. मालमत्तेवरच्या करासोबत थोडी जादा रक्कम वसूल करायची आणि ती ग्रंथालयांसाठीच राखून ठेवायची, अशी ती सोय. महाराष्ट्राने उपकर टाळला. वाचनालयं नोंदणीकृत संस्थांकडेच राहिली, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरलं. लोकांवर नवा कर नको आणि लोकांनी उभारलेल्या संस्था सरकारी खात्यात विरून जायला नकोत, ही या निर्णयाच्या बाजूची कारणं आजही सांगितली जातात. दुसरं कारण मला पटतं. विटा किंवा कराडच्या वाचनालयात कोणती मासिकं घ्यायची हे तिथल्याच कार्यकारिणीने ठरवावं, यात मोठं मोल आहे. पण उपकराचा पैसा कायद्याने येतो, अनुदान मात्र मागावं लागतं. मागायला माणूस लागतो, आणि त्या माणसाची तरतूद कायद्यात कुठेच नाही.

ही जागा बिनपगारी माणसांनी भरून काढली. निवृत्त शिक्षक, दुकानदार, पोस्टातून निवृत्त झालेले काका, बालविभाग सांभाळणाऱ्या ताई. खोलीसाठी ग्रामपंचायतीत जायचं, इमारतीसाठी आमदार निधीचा अर्ज द्यायचा, धर्मादाय कार्यालयात कार्यकारिणीतल्या बदलांचा फेरफार अर्ज दाखल करायचा, तपासणीच्या दिवशी पुस्तकांची दाखल नोंदवही घेऊन बसायचं, ही सगळी कामं त्यांचीच. ग्रंथपालाने अनुदानाचा विषय काढला की समोरचा ती पगाराची मागणी समजतो. ज्याला त्यातून एक रुपयाही मिळणार नाही, अशा सभासदाने तोच विषय मांडला तर तो गावाचा प्रश्न ठरतो. वर्षानुवर्षं रखडलेले कागद हलले ते अशा माणसांच्या खेपांमुळे, असं या भागातल्या कुठल्याही जुन्या कार्यवाहाला विचारलं तरी कळेल.

2012 मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी झाली. कागदावरच चालणाऱ्या संस्था शोधणं गरजेचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण पुढे नव्या मान्यता आणि वर्गवाढ वर्षानुवर्षं थांबली, आणि त्याची शिक्षा प्रामाणिक संस्थांनाही झाली. सगळ्यात खालच्या ड वर्गाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत. त्यातले निम्मे वेतनासाठी, म्हणजे जे कोणी वाचनालय उघडतं त्याच्या हाती महिन्याला साडेबाराशे. एवढ्यात कोणी पूर्णवेळ काम करणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. संध्याकाळी कुलूप उघडणारा बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकच होता आणि आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. शहरातल्या जुन्या वाचनालयाची पुस्तकं पाण्यात गेली, त्यांत पुन्हा न मिळणारी जुनी पुस्तकंही होती. पाणी ओसरल्यावर मदत मागायची वेळ आली, तेव्हा घरं, दुकानं, गोठे यांच्या रांगेत वाचनालय शेवटी असणार हे उघड होतं, आणि त्यात काही चूकही नव्हतं. तरीही भिजलेल्या पुस्तकांसाठी ठिकठिकाणच्या वाचकांपर्यंत हाक पोचवली ती सभासदांनी. दोन वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा पूर आला.

त्याआधी 2017 च्या मे महिन्यात महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारमध्ये पुस्तकांचं गाव सुरू झालं. योजना सरकारी, पण पुस्तकं ठेवायला खोल्या दिल्या त्या गावकऱ्यांनी, आणि आलेल्या पाहुण्याला गावाबद्दल सांगतात तेही घरमालकच. सरकारी पैशाला लोकांचा आवाज जोडला तर काय होतं, ते तिथे दिसतं.

2022 च्या अखेरीस अनुदानात 60 टक्के वाढ मंजूर झाली. ड वर्गाच्या 30 हजारांचे 48 हजार झाले, वेतनाचा वाटा महिन्याला दोन हजार. कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी त्याहून बरीच जुनी आहे आणि ती न्याय्य आहे. स्वयंसेवकांनी ती स्वतःच्या मागण्यांत वरच्या क्रमांकावर घ्यायला हवी, कारण फुकट काम करणारी माणसं आहेत म्हणून पगाराची गरज नाही, असा अर्थ काढणं सरकारला फार सोपं जातं.

सध्या तालुक्याच्या गावांत वाचनालयाची अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींनी भरलेली असते. सभासद वर्गणीच्या वहीत त्यांची नावं कमी दिसतात. काही ठिकाणी कार्यकारिणीने त्यांनाच अर्ज लिहायला आणि अधिकाऱ्यांच्या भेटीला सोबत यायला सांगायला सुरुवात केली आहे. वीजबिल, जागा, रात्री उशिरापर्यंतची वेळ, याविषयी ती मुलं स्वतः बोलतात, आणि जागेचा ठराव मांडताना ग्रामसभेला त्यांचे पालकही येतात.