असामान्य गर्भाशयी रक्तस्राव : सोनोग्राफी तपासणी

पाळीत अंगावरून खूप जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसणे किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त जाणे, या तक्रारी असामान्य गर्भाशयी रक्तस्रावात मोडतात. पाळी येण्याच्या वयात आधी गर्भ राहिलेला नाही ना, याची चाचणी होते, मग सोनोग्राफी. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ मध्ये कारणांची जी वर्गवारी मांडली, तिच्यातले पॉलिप (अस्तरातून वाढलेला कोंब), अ‍ॅडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे) आणि फायब्रॉइड (स्नायूची गाठ) हे रचनेतले बिघाड सोनोग्राफीत चांगले कळतात. संप्रेरकांचा असमतोल किंवा रक्त गोठण्यातला दोष पडद्यावर दिसत नाही.

पोटावरून केलेली सोनोग्राफी मूत्राशय भरलेले असताना करतात. गर्भपिशवी फार वाढलेली असेल तर तीच उपयोगी पडते. बारकावे मात्र योनीमार्गातून केलेल्या तपासणीतच कळतात. त्यासाठी आधी लघवी करून यायचे असते. आवरण चढवलेला निमुळता प्रोब, म्हणजे लहरी सोडणारी दांडी, गर्भपिशवीच्या अगदी जवळ पोचतो, म्हणून जास्त वारंवारतेच्या लहरी वापरता येतात आणि चित्र स्पष्ट उमटते. शरीरसंबंध न आलेल्या मुलींची तपासणी पोटावरून करतात.

रिपोर्टमध्ये सगळ्यांचे लक्ष जाते ते गर्भाशयाच्या अस्तराच्या जाडीकडे. ही जाडी उभ्या छेदात, समोरचे आणि मागचे असे दोन्ही थर मिळून मोजतात. मध्ये पाणी साठले असेल तर ते वगळतात. पाळी गेलेल्या स्त्रीला रक्तस्राव झाला आणि अस्तर ४ मिमी किंवा त्याहून कमी भरले, तर कर्करोगाची शक्यता फारच कमी असते. त्याहून जाड असेल किंवा रक्त पुन्हापुन्हा जात असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला हवा. पाळी चालू असलेल्या स्त्रीला मात्र हा आकडा लावता येत नाही. तिचे अस्तर पाळीनंतर पातळ असते आणि पुढची पाळी जवळ येईपर्यंत १४-१५ मिमीपर्यंत वाढणे स्वाभाविक आहे. त्यामुळे पाळीचा कितवा दिवस आहे, याची नोंद नसलेला ‘अस्तर जाड’ हा शेरा अपुराच म्हणायला हवा. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्येही नुसती जाडी फसवी ठरते.

शंका उरली तर सलाइन सोनोग्राफी करतात. पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत बारीक नळीने थोडे सलाइन गर्भाशयात सोडतात. एकमेकींना चिकटलेल्या भिंती दूर होतात आणि ‘जाड अस्तर’ वाटलेली गोष्ट कित्येकदा देठाला लोंबणारा पॉलिप निघते. पॉलिप बहुधा उजळ दिसतो आणि डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, त्याच्या देठात शिरणारी एकच रक्तवाहिनी सापडते. फायब्रॉइड काळसर असतो, मागे सावली टाकतो आणि रक्तपुरवठा त्याच्या कडेने फिरतो. गाठ पोकळीत किती आणि स्नायूत किती, हेही इथेच ठरते; दुर्बिणीतून ती काढता येईल का, ते त्यावर अवलंबून असते. गर्भारपणात किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग असताना ही तपासणी करत नाहीत.

अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये गर्भपिशवी गोलसर फुगते, एक भिंत दुसरीपेक्षा जाड होते आणि स्नायूत बारीक पाण्याच्या पुटकुळ्या दिसतात. सिझेरियनच्या व्रणात पडलेला खळगाही पाळीनंतर रेंगाळणाऱ्या डागांचे कारण असू शकतो. तो मुद्दाम पाहावा लागतो.

महाराष्ट्रात या तपासणीच्या अर्थाला फार वजन आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सोनोग्राफीतली जाडी, छोटी गाठ किंवा ‘सूज’ एवढ्यावरून पिशवी काढण्याचा निर्णय होत नाही. त्याआधी तुकड्याची तपासणी आणि औषधे किंवा संप्रेरकयुक्त तांबी यांसारख्या उपायांचा विचार व्हायला हवा.