वाट चुकल्यावर काय करायचं: रानात तगण्याच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

रानात तग धरायला शिकवणाऱ्या शिबिरात मुलं सगळ्यात जास्त रमतात ती काडेपेटीशिवाय विस्तव करण्यात. मऊ, खडखडीत वाळलेल्या लाकडाची फळी, तिच्या कडेला कापलेली खाच, तिथे उभी धरलेली काठी आणि काठीला वेढा घातलेली धनुकलीची दोरी. धनुकली पुढेमागे ओढली की काठी गरगरते, धूर निघू लागतो, खाचेत काळपट भुगा साठत जातो. नवखा मुलगा धूर दिसला की थांबतो आणि तिथेच फसतो. हात थांबवल्यावरही भुग्यातून धुराची बारीक रेघ निघत राहिली, तरच आत निखारा धरलेला असतो. मग तो भुगा पिंजलेल्या वाळक्या सालीत अलगद ओतायचा आणि हळू, लांब फुंकर घालायची. घाईने फुंकलं की अर्ध्या तासाची मेहनत वाऱ्यावर जाते.

लाकूड लाकडावर घुसळून अग्नी काढायची ही रीत इतकी जुनी की तिच्या साधनाला आपल्याकडे ‘अरणी’ हा स्वतंत्र शब्द आहे. पण ती मुद्दाम वर्ग भरवून मुलांना शिकवायची कल्पना जेमतेम सव्वाशे वर्षांची.

त्याआधी तशी गरजच नव्हती. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. त्याच्याजवळ बर्च झाडाच्या सालीचा डबा होता आणि डब्यात मेपलच्या पानांबरोबर कोळशाचे कण होते. पानांत गुंडाळून निखारा एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला न्यायची ती सोय. ठिणगी झेलणारी वाळकी अळंबीही त्याने सोबत बाळगली होती. असली विद्या लहानपणापासून मोठ्यांच्या हाताखाली अंगवळणी पडायची. सरपण आणताना कोणतं लाकूड धुरकटतं आणि कोणतं झटकन पेटतं ते कळायचं, गुरांमागे फिरताना माग काढता यायचा.

मग इंग्लंडमध्ये जॉन वॉकरने १८२७ मध्ये घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. शहरं वाढली, कारखाने आले, आणि विसावं शतक उजाडेपर्यंत रानाशी रोजचा संबंध तुटलेल्या मुलांची पिढी उभी राहिली. या पिढीचं कसं व्हायचं, ही काळजी तेव्हा अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळांना लागली होती.

त्या काळजीतून उभा राहिलेला एक माणूस म्हणजे अर्नेस्ट थॉम्पसन सेटन. इंग्लंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला निसर्गचित्रकार. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात त्याने जमीन घेऊन कुंपण घातलं. गावातल्या पोरांना ते रुचलं नाही. त्यांनी कुंपण मोडलं, फाटकावर घाणेरडं लिहून ठेवलं. सेटनने पोलिसांत जाण्याऐवजी शाळा गाठली आणि त्याच पोरांना आपल्या जागेत मुक्कामाला बोलावलं. रात्री शेकोटी पेटली, गोष्टी झाल्या, पोरांनी आपला म्होरक्या आपणच निवडला. १९०२ मध्ये यातूनच त्याची ‘वुडक्राफ्ट इंडियन्स’ ही मुलांची संघटना सुरू झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रसंग आहे. मुलांना रानात नेण्यामागचा पहिला हेतू त्यांच्यावर विश्वास टाकणं हा होता.

त्याच काळाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. सेटनने हे सारं उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींच्या जीवनावर बेतलं, आणि त्यांच्याबद्दल त्याला खरा आदर होता. पण गोरी मुलं पिसं लावून त्यांची विद्या शिकत होती, तेव्हा त्या जमातींची स्वतःची मुलं सरकारी वसतिगृहशाळांत डांबली जात होती. तिथे केस कापले जात, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. ज्यांच्या घरची ही विद्या, त्यांच्याच पोरांच्या हातून ती हिसकावली जात होती. आज माग काढणं किंवा सालीची दोरी वळणं शिकवताना हे ज्ञान कोणत्या लोकांकडून आलं ते सांगणारे शिक्षक वाढताहेत. ते आधीच व्हायला हवं होतं.

स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा मार्ग निराळा, ब्रिटिश सैन्यातून आलेला. १८९६ मध्ये, आजच्या झिम्बाब्वेतल्या माटोबो टेकड्यांमध्ये, फ्रेडरिक बर्नहॅम या अमेरिकन टेहळ्याबरोबर फिरताना ते रानविद्येत मुरले. पुढे बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतलं मॅफेकिंग हे गाव त्यांनी २१७ दिवसांच्या वेढ्यात झुंजवलं. तिथे निरोप पोचवण्याची कामं मुलांनी चोख केली, आणि जबाबदारी दिली की मुलं ती पेलतात हे त्यांच्या मनावर ठसलं. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचं शिबिर भरवलं. त्यात श्रीमंतांच्या शाळांतली मुलं होती आणि कामकरी घरांतलीही. लांडगा, बैल, कुरल, डोमकावळा अशा चार टोळ्या पाडल्या, प्रत्येक टोळीला तिच्यातलाच एक मुलगा नायक. पुढच्याच वर्षी त्यांचं ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ पंधरवड्याच्या सहा भागांत निघालं. पुस्तक वाचून मुलं आपली आपणच टोळ्या बांधू लागली. स्काउट संघटना मागाहून उभी करावी लागली.

या पहिल्या काळात भर होता कारागिरीवर. गाठी मारा, खोपट बांधा, माग काढा, चूल मांडा. या शिक्षणाला जीवनमरणाची धार आली ती दुसऱ्या महायुद्धात. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये जहाजं बुडवत होत्या. जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांचं निरीक्षण असं की, होडीत उतरल्यावर धडधाकट तरुण खलाशी आधी खचतात आणि पिकल्या वयाचे टिकतात. ताकद तरुणांकडे जास्त होती. कमी पडत होता तो हाल सोसल्याचा अनुभव. हिटलरला विरोध केल्यामुळे जर्मनी सोडावी लागलेले शिक्षक कुर्ट हान यांच्या साथीने होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडवी इथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. साधारण महिनाभराचा तो अभ्यासक्रम होता. थंडी, पाऊस, समुद्र, डोंगर यांना मुलांनी आधीच एकदा, शिक्षकाच्या नजरेखाली तोंड द्यावं, एवढाच त्यामागचा विचार. बंदरातून बाहेर पडणाऱ्या जहाजासाठीचा शब्द शाळेचं नाव झाला.

वैमानिकांनाही याच युद्धाने रानात, वाळवंटात आणि बर्फात उतरवलं. ऊन चमकवून इशारा द्यायचा, मधोमध नेम धरायचं भोक असलेला आरसा तेव्हाचाच. आपण शोधायला निघण्यापेक्षा शोधणाऱ्याला आपण दिसणं महत्त्वाचं, हा धडा तिथून पुढे मुलांच्या शिबिरात आला. त्याच्याबरोबर तीनचा ठोकताळाही रुळला: हवेविना माणूस तीन मिनिटं, कडाक्याच्या हवेत आडोशाविना तीन तास, पाण्याविना तीन दिवस, अन्नाविना तीन आठवडे. आकडे ढोबळ आहेत, पण क्रम खरा आहे. मुलांना वाटतं, रानात हरवलं की आधी शिकार करायची. खरा वैरी गारठा. ओले कपडे आणि उघडी जमीन अंगातली ऊब ओढून घेतात. म्हणून आडोसा शिकवताना पाला अंगावर घेण्याआधी अंगाखाली घालायला लावतात, तोही चांगला जाड, कारण अंगाच्या भाराने तो दबून निम्मा होतो.

१९६८ मध्ये लॅरी डीन ओल्सन यांनी यूटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात, अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना वाळवंटात नेण्याचा उपक्रम सुरू केला. मुलं बदलून परत येताना दिसली. पण पुढे याच कल्पनेची नक्कल करून ‘बिघडलेल्या’ मुलांना सुधारण्याचा धंदा उभा राहिला. उपासमार आणि तहान हीच शिकवण ठरली, आणि १९९० च्या दशकात अशा मोहिमांत काही मुलांचे जीव गेले. अंगात त्राण नसल्याचं सांगणाऱ्या मुलाला ढोंगी ठरवणारा माणूस शिक्षक म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. हान यांच्या शाळेत नजर ठेवणारा शिक्षक होता. इथे तीच नजर हरवली.

रानाकडे बघायची रीतही बदलली. पूर्वी बिछान्यासाठी हिरव्या फांद्या सर्रास तोडायला शिकवत. रानात जाणाऱ्यांची संख्या वाढली तशी मुक्कामाच्या जागा उघड्या पडू लागल्या, आणि १९९४ मध्ये अमेरिकेत मागे खूण न सोडण्याचा आग्रह धरणारी ‘लीव्ह नो ट्रेस’ ही संस्था उभी राहिली.

वाट चुकलेला माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्याला आपण चकवा लागला म्हणतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये हे प्रयोगातून दाखवूनच दिलं. त्यांनी लोकांना घनदाट जंगलात सरळ चालायला सांगितलं होतं. ऊन असताना ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आलेल्या दिवशी सगळे गोल फिरले, आणि काहींनी आपलीच वाट ओलांडली तरी त्यांना पत्ता लागला नाही. चालत राहिल्याने सुटका होईल, ही हरवलेल्याची समजूत किती घातक आहे ते यातून दिसतं.

शोधपथकांना ते आधीपासून माहीत होतं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि गारठ्याने गेला. त्याला शोधायला गेलेल्यांपैकी काहींना ते सहन झालं नाही. त्यांनी शाळाशाळांतून शिकवायचा एक छोटा पाठ बसवला: हरवलास की झाडाला मिठी मार आणि तिथेच थांब. खिशात शिट्टी ठेव. कचऱ्याची मोठी प्लास्टिक पिशवी घे, तोंडापुरतं भोक पाडून अंगात घाल, म्हणजे पाऊस-वारा लागणार नाही. आईवडिलांसाठीही एक काम सांगितलं. निघण्यापूर्वी घडी घातलेल्या टॉवेलवर ॲल्युमिनियमचा कागद पसरायचा आणि मुलाला बुटासकट त्यावर पाऊल ठेवायला लावायचं. तळव्याची नक्षी कागदावर उमटते. त्या कागदावर मुलाचं नाव लिहून तो मागे ठेवायचा, म्हणजे माग काढणाऱ्याला चिखलातल्या असंख्य पावलांतून नेमकं कोणतं पाऊल शोधायचं ते कळतं.